सोळा, चौदा आणि चोवीस वर्षं : तासगाव तालुक्यातली मुदतपूर्व मुक्ततेची एक फाइल

हे प्रकरण एकाच माणसाचं नाही. सांगली जिल्ह्यातून कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहात गेलेल्या जन्मठेपेच्या बंद्यांच्या बाबतीत जे पुन्हा पुन्हा घडतं, ते एका फाइलीत आणून लिहिलं आहे. तारखा आणि दिवस प्रातिनिधिक आहेत. हिशेबाची पद्धत, नियम आणि अडचणी खऱ्या आहेत. घरातलं कोणी आत असेल त्यांनी आपल्या तारखा यात घालून हिशेब करून पाहावा.

गुन्हा आणि शिक्षा

तासगाव तालुक्यातलं द्राक्षबागेचं गाव. चुलत घराण्यांत बांधावरून आणि सामाईक विहिरीच्या पाळीवरून दहा-बारा वर्षांची धुसफूस. एप्रिल २००९ मध्ये बांध कोरण्यावरून सकाळी बाचाबाची झाली आणि कोयत्याच्या दोन घावांत चुलतभाऊ गेला. आरोपी दोघं, सख्खे भाऊ. थोरला ३४ वर्षांचा, धाकटा २७ चा. दोघांनाही १८ एप्रिल २००९ ला अटक झाली. थोरल्याला जामीन मिळाला नाही. २२ जुलै २०११ रोजी सांगलीच्या सत्र न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ सह ३४ खाली दोघांना जन्मठेप दिली. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने धाकट्याला संशयाचा फायदा देऊन सोडलं, थोरल्याची शिक्षा कायम ठेवली. या अपिलाच्या निकालाचं महत्त्व पुढे कळेल. तो निकाल नऊ वर्षं कारागृहाच्या फाइलीत होता आणि कोणी उघडून वाचला नव्हता.

२०२५ उजाडलं तेव्हा घरच्यांचा हिशेब सोपा होता. २००९ ते २०२५, सोळा वर्षं. चौदा तर केव्हाच झाली. मुलाखतीला गेलेला मुलगा दर वेळी तेच विचारायचा, "आण्णा, चौदा होऊन गेली, आता कागद कुठं अडकलाय?"

कागद अडकला नव्हता. हिशेब चुकला होता, आणि तो दोन ठिकाणी चुकला होता.

चौदा वर्षं म्हणजे नेमकं काय

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हा समज गावोगाव पक्का बसला आहे. कायद्यात असं कुठेही नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंतची कैद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये गोपाळ गोडसे प्रकरणातच सांगून ठेवलं. चौदा हा आकडा १९७८ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आलेल्या कलम ४३३-अ मधला. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४७५ आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्या माणसाला प्रत्यक्ष चौदा वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय शासन सोडू शकत नाही, एवढंच ते म्हणतं. म्हणजे चौदा हा उंबरठा आहे. तो ओलांडला की विचार सुरू होतो, सुटका होत नाही.

किती वर्षांनी सोडायचं हे शासनाच्या धोरणावर ठरतं. महाराष्ट्रात १९९२ ची मार्गदर्शक तत्त्वं होती, मग १५ मार्च २०१० ची आली. कोणती लागू होतात? शिक्षा झाली त्या दिवशी जी लागू असतील ती; नंतर अधिक सवलतीची आली तर तिचा फायदा बंद्याला द्यायचा. हे सर्वोच्च न्यायालयाने हरियाणा विरुद्ध जगदीश या २०१० च्या निकालात नक्की केलं. गुन्ह्याची तारीख इथे धरत नाहीत. आपल्या प्रकरणात गुन्हा २००९ चा असला तरी शिक्षा २०११ ची, म्हणून २०१० ची तत्त्वं. कुटुंबाने सांगलीत ज्यांना पहिला अर्ज लिहायला दिला, त्यांनी १९९२ ची तत्त्वं जोडली होती. तो अर्ज वाया गेला.

२०१० च्या तत्त्वांत खुनांचे गट पाडलेत. स्त्रियांविरुद्धचे गुन्हे वेगळे. जमिनीचा वाद, भाऊबंदकी, घराण्याची इभ्रत, अंधश्रद्धा यांतून झालेले खून वेगळे. इतर कारणांचे वेगळे. प्रत्येक गटात पोटप्रकार आहेत आणि प्रत्येकापुढे माफीसह, म्हणजे काम आणि वर्तनावर मिळणारी शिक्षेतली सूट धरून, भोगायची वर्षं लिहिलेली आहेत. जमिनीच्या वादाच्या गटात, पूर्वीचा गुन्हा नसताना रागाच्या भरात एकट्याने केलेल्या खुनाला २० वर्षं, पूर्वनियोजित असेल तर २२, एकापेक्षा जास्त जणांनी मिळून केला असेल तर २४. ही वर्षं माफी धरून मोजायची, पण प्रत्यक्ष कैद चौदाच्या खाली जाता कामा नये. दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात.

हिशेब

३१ मार्च २०२५ रोजीचा शिक्षा तक्ता असा होता.

अटकेपासून एकूण : १५ वर्षं ११ महिने १४ दिवस.
वजा, कोविड काळातला आकस्मिक पॅरोल, १० जून २०२० ते १९ मे २०२२ : १ वर्ष ११ महिने १० दिवस.
वजा, त्या पॅरोलवरून उशिरा हजर झाल्याचे : ११ दिवस.
वजा, त्याआधीचे तीन नियमित पॅरोल मिळून : २ महिने २० दिवस.
प्रत्यक्ष कैद : १३ वर्षं ९ महिने ३ दिवस.

म्हणजे सोळा तर नाहीच, चौदाही पुरी नव्हती. ती पुरी झाली जून २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात.

घरच्यांना सगळ्यात जास्त लागलं ते कोविडचं. मे २०२० मध्ये शासनाने १९५९ च्या फर्लो-पॅरोल नियमांत दुरुस्ती करून तुरुंगांतली गर्दी कमी करायला आकस्मिक पॅरोल आणला. आधी ४५ दिवस, मग साथीची अधिसूचना असेपर्यंत ३०-३० दिवसांची वाढ. सात वर्षांवर शिक्षा असलेल्याला आधीच्या दोन रजांवरून वेळेत परतल्याची अट होती. ती यात पुरी होती. माणूस स्वतःहून मागायला गेला नव्हता, शासनाने सोडला होता, तर ते दिवस शिक्षेत का नाहीत? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या रोहन धुंगट प्रकरणात न्यायालयाने पॅरोलचे दिवस चौदा वर्षांच्या प्रत्यक्ष कैदेत धरता येणार नाहीत असं सांगितलं, आणि त्याच वर्षी हरियाणाच्या एका प्रकरणात कोविड पॅरोललाही तोच नियम लावला.

संचित रजा, म्हणजे फर्लो, याची गोष्ट वेगळी. ते दिवस शिक्षेतच मोजतात. अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, मोजत नाहीत. बराकीत हे प्रत्येकाला पाठ असतं. घरच्यांना बहुतेकदा माहीत नसतं, आणि म्हणून ते लग्नकार्याला, घरदुरुस्तीला सर्रास पॅरोल मागत राहतात.

आता माफी. ती शिक्षा लागल्यापासून सुरू होते. कच्चा कैदी म्हणून काढलेली २ वर्षं ३ महिने सेट-ऑफमुळे प्रत्यक्ष कैदेत धरली जातात, पण त्या काळाची माफी एक दिवसही मिळत नाही. खटला रेंगाळला की बंदी असा दुहेरी मार खातो. पॅरोलवरच्या दिवसांनाही माफी नाही. चौदा वर्षं पुरी झाली त्या दिवशी याच्या खात्यावर सगळी मिळून ४ वर्षं १ महिना १० दिवस माफी होती. एकूण झाले १८ वर्षं १ महिना १० दिवस.

कारागृहात कामावर आणि वर्तनावर माफी साठण्याचा त्याचा आजवरचा वेग वर्षाला सव्वाचार महिन्यांच्या आसपास पडतो. त्या वेगाने २० वर्षं भरतात २०२६ अखेर, २२ भरतात २०२८ च्या उन्हाळ्यात, २४ भरतात २०२९ अखेर. एकाच माणसाच्या एकाच गुन्ह्याच्या या तीन तारखा. कोणती खरी, हे प्रवर्गाच्या एका ओळीवर.

फाइल कुठून कुठे जाते

परदेशी मालिकांत दाखवतात तसं मंडळापुढे खुर्चीत बसून पश्चात्ताप सांगण्याचा प्रसंग इथे येत नाही. बंद्याच्या वतीने बोलतो तो कागद. अधीक्षक प्रस्ताव तयार करतात : शिक्षा तक्ता, दोन्ही निकालांच्या प्रती, हिस्ट्री टिकीट (बंद्याच्या कारागृहातल्या वर्तनाचा नोंदपट), रजांचा तपशील, वैद्यकीय अहवाल. जिल्हा पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी यांचे अभिप्राय येतात, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत येतं, सल्लागार मंडळाची शिफारस लागते. मग फाइल पुण्याला कारागृह मुख्यालयात आणि तिथून मंत्रालयात गृह विभागाकडे. हुकूम गृह विभागाचा.

या साखळीत प्रत्येक जण आधीच्याचं वाचून पुढचं लिहितो. त्यामुळे पहिल्या टप्प्यावर बसलेली चूक पाचव्या टप्प्यापर्यंत पाच शिक्के घेऊन पोचते, आणि मग ती चूक राहत नाही, तो अभिलेख होतो.

इथे तेच झालं. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर प्रवर्गाच्या रकान्यात लिहिलं होतं : 'दोन आरोपींनी संगनमताने, २४ वर्षे'. लिहिणाऱ्याने सत्र न्यायालयाच्या निकालाचं शेवटचं पान वाचलं होतं. तिथे कलम ३४ आहे, दोन नावं आहेत. उच्च न्यायालयाने दुसरं नाव पुसल्यावर 'एकापेक्षा जास्त व्यक्ती' उरते कुठे? २०१६ चा निकाल त्याच फाइलीत, निळ्या दोऱ्यात बांधलेला, शंभरच्या पुढच्या पानांवर होता.

पोलीस अहवाल

तासगावकडून आलेला अहवाल पाऊण पानाचा. सार असं : बंद्यास मुक्त केल्यास मयताच्या नातेवाइकांच्या जिवास धोका, गावात तणाव निर्माण होऊन कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न उद्भवण्याची शक्यता, सबब शिफारस नाही.

ही वाक्यं अनेक फाइलींत अक्षरशः सारखी असतात. बीट अंमलदार बदलत राहतात. नव्याला गावातलं २००९ ठाऊक नसतं, म्हणून तो जुना अहवाल पुढ्यात घेतो. शिवाय 'शिफारस नाही' लिहिण्यात त्याला जोखीम नाही, 'हरकत नाही' लिहिण्यात आहे. उद्या काही घडलं तर सही त्याची. हे समजून घेतलं नाही तर नुसता राग येतो आणि कामाचं काही होत नाही.

या अहवालाला उत्तर फाइलीतच होतं, आणि ते कोविडच्या त्या गेलेल्या दिवसांतच होतं. हा माणूस जवळपास दोन वर्षं त्याच गावात, त्याच वस्तीवर, मयताच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहिला. दर ३० दिवसांनी ठाण्यात हजेरी लावली. त्या काळात त्याच्यावर दखलपात्र सोडाच, साधी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंदसुद्धा नाही. 'तणाव निर्माण होण्याची शक्यता' या वाक्याची इतकी लांब परीक्षा कोणत्याच कार्यालयाला ठरवूनही घेता आली नसती. जे दिवस शिक्षेत धरले नाहीत ते वर्तनाच्या पुराव्यात धरा, असं म्हणायला कायद्यात काही आडवं येत नाही. कोणी म्हटलं नव्हतं इतकंच.

मुलाने माहिती अधिकारात दोन गोष्टी मागवल्या : हजेरी नोंदवहीतल्या वडिलांच्या नोंदींच्या प्रती, आणि जून २०२० ते मे २०२२ दरम्यान त्यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार दाखल आहे का याचं लेखी उत्तर. दुसऱ्याचं उत्तर 'निरंक' आलं. या एका शब्दाचं पान पुढे वकिलाच्या तासाभराच्या युक्तिवादापेक्षा कामी आलं.

उशिराच्या ११ दिवसांचं तसं नाही. मे २०२२ च्या सुरुवातीला शासनाने कोविड पॅरोलवरच्यांना परत बोलावलं, हजर व्हायला पंधरा दिवस दिले. याचं म्हणणं, निरोप ठाण्यातून उशिरा मिळाला. खरं असेल, त्या महिन्यात असं पुष्कळांचं झालं. पण निरोप मिळाल्याच्या दिवशी सही करून तारीख टाकून घेतली असती तर प्रश्न मिटला असता. ती नव्हती. शिस्तभंग म्हणून दिवसाला पाच या दराने ५५ दिवसांची माफी कापली गेली. सुटकेची तारीख त्याने सुमारे ४० दिवस लांबली आणि हिस्ट्री टिकिटावर लाल शेरा कायमचा बसला. अशा कपातीआधी नोटीस देऊन म्हणणं ऐकावं लागतं. ऐकल्याची नोंद फाइलीत होती, म्हणून तिला आव्हान देण्यात अर्थ नव्हता. कुटुंबाने तिथे वेळ घालवला नाही, हे योग्य केलं.

न्यायाधीशांचं मत

शिक्षा देणारे न्यायाधीश तोवर निवृत्त झाले होते. त्याने अडत नाही. त्या न्यायालयाचे सध्याचे पीठासीन न्यायाधीश मत देतात. सांगलीच्या विजयनगरमधल्या त्या न्यायालयातून आलेलं मत दोन ओळींचं होतं : गुन्हा गंभीर स्वरूपाचा, पोलीस अहवाल प्रतिकूल, सबब शिफारस नाही.

असं मत पुरेसं नसतं. लक्ष्मण नस्कर प्रकरणात २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारात घ्यायचे मुद्दे सांगितलेत : गुन्हा समाजाला हादरा देणारा आहे की व्यक्तींपुरता, पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता किती, गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का, आत ठेवून काही साधणार आहे का, आणि कुटुंबाची आर्थिक-सामाजिक स्थिती. २०२२ च्या रामचंदर विरुद्ध छत्तीसगड निकालात पुढे सांगितलं की न्यायाधीशांच्या मतात या मुद्द्यांवर कारणं हवीत. नुसतं 'गंभीर गुन्हा' म्हणून चालत नाही, मत पुन्हा मागवावं. खून गंभीर असतोच. तो गंभीर नसता तर जन्मठेप झाली नसती. त्याच कारणासाठी दुसऱ्यांदा शिक्षा देण्याची ही जागा नव्हे.

बांध अजून तिथेच आहे

या प्रकरणात कोणीही लिहिला नव्हता असा, आमच्या मते सगळ्यात खरा प्रश्न हा होता. खून बांधावरून झाला, आणि २०२५ मध्ये बांध जिथल्या तिथे, वाद जिथल्या तिथे. मयताची बायको आणि मुलगा त्याच गटात बाग करतात. तिचा जबाब घेतला तेव्हा तिने विरोध केला, आणि तिच्या विरोधात 'जिवाला धोका' यापेक्षा ठोस गोष्ट होती : तो आला की पुन्हा बांध कोरणार. ही भीती पोलिसांच्या ठरीव वाक्यात विरून गेली होती. मयताच्या घरच्यांच्या विरोधाने सुटका आपोआप थांबत नाही, पण पुन्हा गुन्हा होण्याच्या शक्यतेवर विचार करताना तिचं हे वाक्य कोणीही बाजूला सारू नये.

धाकट्या भावाने, म्हणजे सुटलेल्याने, यावर काम केलं आणि ते अर्जविनंत्यांपेक्षा जास्त मोलाचं ठरलं. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे पैसे भरले, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या, मोजणी झाली, हद्दीच्या खुणा दाखवल्या गेल्या. मोजणीत यांच्याच बाजूने बांध सरकलेला निघाला. नकाशाची क प्रत हातात आल्यावर त्याने खुणांवर दगड रोवले आणि सरकलेली जमीन सोडली. विहिरीच्या पाळीचा लेखी तक्ता पंचांसमोर करून दोन्ही घरांच्या सह्या घेतल्या. तिने सही केली. मुक्ततेला संमती मात्र दिली नाही. ती मागूही नये. मयताच्या घरी संमतीपत्र घेऊन जाणारे नातेवाईक पुष्कळदा स्वतःची फाइल बिघडवतात, कारण त्या भेटीची दुसऱ्या दिवशी 'दबाव टाकला' अशी तक्रार होते आणि तीच पोलीस अहवालाला जोडली जाते.

हुकूम, फेरविचार

ऑगस्ट २०२५ मध्ये गृह विभागाचा हुकूम आला : माफीसह २४ वर्षं पुरी झाल्यावर मुक्त करावं. कारणांच्या जागी पोलीस अहवाल आणि न्यायालयाचं मत यांचा उल्लेख, बाकी काही नाही.

त्याच वर्षी १८ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावलं होतं की धोरण असेल तिथे पात्र बंद्यांचा विचार अर्जाची वाट न पाहता करावा आणि नाकारताना थोडक्यात का होईना कारणं देऊन ती बंद्याला कळवावीत. कारण कळलं नाही तर आव्हान कशाला देणार?

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सांगली, साताऱ्याच्या याचिका तिथे जाऊ लागल्या. पूर्वी एका तारखेला मुंबईची खेप पडायची. आता तासगावहून सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी. विधी सेवेकडून वकील मोफत मिळाला. याचिका आटोपशीर होती. जोडलेले कागद : २०१६ चा निकाल, त्यातला धाकट्याच्या मुक्ततेचा परिच्छेद खूण करून, 'निरंक' उत्तर आणि हजेरीच्या प्रती, क प्रत आणि पाळीचा तक्ता. मागणी २० वर्षांच्या प्रवर्गाची.

अशा याचिकेत न्यायालय कधी स्वतः प्रवर्ग सांगतं, कधी फाइल परत पाठवतं. इथे हुकूम रद्द होऊन फेरविचारासाठी आठ आठवडे मिळाले, न्यायाधीशांचं कारणांसह मत नव्याने मागवण्याच्या सूचनेसह.

नवा हुकूम २२ वर्षांचा आला. 'एकापेक्षा जास्त' गेलं, 'पूर्वनियोजित' राहिलं. का, ते निकालातल्या एका साक्षीत आहे. साक्षीदार म्हणतो, बाचाबाचीनंतर आरोपी वस्तीवर गेला आणि कोयता घेऊन परत आला. वस्ती बांधापासून दोनेकशे फुटांवर. बचावाचं म्हणणं, वैरण कापायचा कोयता बांधावरच होता. सत्र न्यायालयाने साक्षीदाराला मानलं, उच्च न्यायालयाने त्याला हात लावला नाही. दोनशे फूट जाऊन येण्याला पूर्वनियोजन म्हणायचं का? आमच्या मते नाही. राग थंड व्हायला तेवढा वेळ पुरत नाही, आणि तत्त्वांतला 'रागाच्या भरात' हा प्रकार नेमका अशाच भांडणांसाठी आहे. पण उलट वाचन अगदीच अवाजवी आहे असंही म्हणवत नाही. दोन वाचनं शक्य असतील तर न्यायालय शासनाच्या जागी आपलं वाचन बसवत नाही. कुटुंबाने पुन्हा याचिका केली नाही. वकिलाचा सल्ला तसाच होता आणि तो बरोबर होता.

२०२८ पर्यंत

हुकुमात सुटकेच्या अटी आहेत : जातमुचलका, चांगल्या वर्तनाची हमी, ठाण्यात ठरावीक मुदतीने हजेरी. अट मोडली तर शासन माफी रद्द करून उरलेली शिक्षा भोगायला परत पाठवू शकतं. मात्र अट स्पष्ट आणि पाळता येण्याजोगी हवी. मोघम अटींवर आक्षेप घ्यायचा असेल तर सही करण्याआधी घ्यावा.

तारीख अलीकडे आणण्याचा एक मार्ग जिल्ह्यातच आहे. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर खुली वसाहत औंध संस्थानच्या काळातली, १९३९ ची. भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली. निवडलेले बंदी तिथे कुटुंबासह राहून शेती करतात. खुल्या कारागृहात माफी बंदिस्तापेक्षा कितीतरी जास्त मिळते. पण जागा मोजक्या, आणि निवड समितीपुढे २०२२ चा लाल शेरा आडवा येतो. याने अर्ज दिला आहे. शेऱ्याचा खुलासा म्हणून निरोप उशिरा पोचल्याबद्दल गावच्या पोलीस पाटलाचा दाखला जोडला आहे. येरवडा आणि पैठणच्या खुल्या कारागृहांचा पर्यायही त्याच अर्जात दिला आहे.

दरम्यान आईच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. आजारपण हे पॅरोलचं रीतसर कारण, आणि मिरजेच्या डॉक्टरांचा दाखला तयार होता. पण ३० दिवसांचा पॅरोल म्हणजे ते ३० दिवस गेले आणि त्या दिवसांची माफीही गेली. हिशेबातून सुमारे ४० दिवस जातात आणि सुटका महिनाभर पुढे ढकलली जाते. त्याची संचित रजा शिल्लक होती. ऑपरेशनची तारीख डॉक्टरांना विचारून तीन आठवडे पुढे घेतली, अर्ज संचित रजेचा केला, जामीनदार म्हणून धाकट्याचं नाव दिलं आणि परतीच्या तारखेच्या आदल्या दिवशीचं कोल्हापूर गाडीचं आरक्षण अर्जासोबतच करून ठेवलं.